गोळीआधीचे प्रश्न



हा लेख लिहावा की लिहू नये, याचा विचार मी जवळजवळ तीन वर्षे करीत होते. आपल्या मासिकात तपश्चर्येच्या अनुमोदना येतात, तीर्थयात्रांची वर्णने येतात, पाककृती आणि विवाहयोग्य मुलामुलींची माहिती येते. गर्भनिरोधक गोळ्यांविषयी कोणी लिहिल्याचे मला स्मरत नाही. आणि तरीही आपल्यापैकी कितीतरी घरांत साड्यांच्या घडीखाली किंवा पर्सच्या आतल्या कप्प्यात ते पाकीट असते. पर्युषण जवळ आले की पाळी लांबविणाऱ्या गोळ्यांची दबक्या आवाजात चौकशीही सुरू होते. माझ्या सुनेच्या संमतीने हे लिहीत आहे. तिचे नाव देत नाही. लिहून झाल्यावर तिने ते वाचले आणि दोन ठिकाणी माझी चूक दुरुस्त केली.

आधी माझी स्वतःची हकीकत सांगते. १९८९ साली आम्ही अंबरनाथ पूर्वेला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. माझी बँकेची शाखा उल्हासनगरच्या कॅम्पात होती. मोठा मुलगा आठ महिन्यांचा होता आणि दुसरे मूल लगेच नको, एवढे आम्हा दोघांचे ठरले होते. सासूबाईंना हे सांगण्याचा प्रश्नच नव्हता. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथे 'माला-एन' विनामूल्य मिळे. तशीच गोळी 'माला-डी' नावाने औषधाच्या दुकानात नाममात्र किमतीला मिळत असे. पण दुकानात ओळखीचे कोणी भेटेल, या भीतीने मला दवाखाना बरा वाटला.

मला वाटले होते, पाकीट हातात पडेल आणि दहा मिनिटांत मी स्टेशनवर असेन. परंतु तिथल्या सिस्टरांनी मला बाकावर बसविले, दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब मोजला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. बाळ किती महिन्यांचे आहे, अंगावर पिते का? सहा महिन्यांच्या आतले आणि अंगावर पिणारे असते, तर ही गोळी त्यांनी दिली नसती. वय किती? घरात कोणी नाही ना बघत, मग खरे सांगा, विडी-सिगारेट ओढता का? कधी कावीळ झाली होती? छातीत गाठ? क्षयाची किंवा फिट्सची औषधे चालू आहेत का? त्यांतील काही औषधांनी या गोळीचा प्रभाव कमी होतो. पायाची शीर सुजून कधी रक्त गोठले होते का. तुमच्या आईला, बहिणीला? शेवटी डोकेदुखीविषयी विचारले. अर्धे डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचमत्या वाकड्यातिकड्या रेघा येतात का?

मला त्या वेळी हा शेवटचा प्रश्न हास्यास्पद वाटला होता. डोळ्यांपुढच्या रेघांचा आणि मूल न होण्याचा काय संबंध? मी 'नाही' म्हणाले आणि त्यांनी कार्डावर खूण केली. मग त्यांनी पाकीट उघडून दाखविले: २८ गोळ्या. त्यांतील २१ पांढऱ्या खऱ्या औषधाच्या आणि ७ गडद रंगाच्या लोहाच्या. लोहाच्या गोळ्या रक्तासाठी, आणि रोजची सवय मोडू नये म्हणूनही. त्या सात दिवसांतच पाळी येते. पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत पहिली गोळी घ्यायची आणि मग दररोज एकाच वेळी.

मी वाणिज्य शाखेची, त्यातून बँकेतली. मला ती पद्धत आवडली. रोज रात्री जेवणानंतर गोळी आणि कॅलेंडरवर पेन्सिलीची बारीक टिंब. १९९१च्या मार्चअखेरीस क्लोजिंगच्या गडबडीत सलग दोन दिवस टिंब पडले नाही. ताळेबंद जुळत नव्हता आणि रात्री बारा वाजता सहकाऱ्यांबरोबर चहा पीत असताना मला ते आठवले. सिस्टरांनी सांगितले होते, एक गोळी चुकली तर आठवताच घ्या, पुढची ठरल्या वेळी घ्या. एकाच दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन किंवा अधिक चुकल्या, तर आठवताच एक घ्यायची, मागची सगळी थकबाकी एकरकमी भरायची नाही, आणि पुढे सलग सात गोळ्या होईपर्यंत निरोधसारखी दुसरी काळजी घ्यायची. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर ती घेतलीच नाही असे समजून दुसरी घ्यायची. ही गोळी अगदी नियमाने घेणाऱ्या १०० स्त्रियांत वर्षभरात एकीलाही क्वचितच गर्भ राहतो. प्रत्यक्षात जशी घेतली जाते, विसरत-आठवत, तशी घेतली तर १०० पैकी ७ जणींना राहतो.

एक शंका आपल्या वाचकांच्या मनात येईल, माझ्याही आली होती: यात हिंसा आहे का? ही गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडूच देत नाही आणि गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट करते. झालेला गर्भ पाडण्याचे काम ती करीत नाही. ब्रह्मचर्याचा विचार ज्याचा त्याने करावा. मी त्यात पडत नाही. गंमत मात्र एक सांगते. १९५१ साली मेक्सिको सिटीत ज्या प्रयोगशाळेत या गोळ्यांच्या कुळातले नॉरएथिस्टेरोन हे द्रव्य प्रथम तयार झाले, तिथे कच्चा माल होता तो मेक्सिकोच्या रानातला एक कंद. आजन्म कांदा-बटाटा वर्ज्य केलेल्या माझ्या आईला हे कळले असते, तर तिने काय म्हटले असते कोण जाणे.

१९९२ साली मी गोळी थांबविली, धाकटी मुलगी झाली. पुढे बदलापूरला घर घेतले. हा विषय माझ्यासाठी तिथेच संपला होता.

आता तीन वर्षांपूर्वीचे पर्युषण. माझी सून तेव्हा ३३ वर्षांची, ठाण्याला नोकरी करणारी, सहा वर्षांच्या मुलाची आई. तिने त्या वर्षी अठ्ठाई करायचे ठरविले. आमच्या घरात बऱ्याच वर्षांनी अठ्ठाई होणार होती, त्यामुळे मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पारण्याला कोणाला बोलवायचे, सांजीची गाणी कोणत्या संध्याकाळी, सगळे मी ठरवून टाकले. तारखा पाहता तिची अडचण नेमकी चौथ्या-पाचव्या दिवशी येणार होती. उपवास त्याने मोडत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण देरासरात जाता येणार नाही, जन्मवाचनाच्या दिवशी स्वप्ने उतरताना ती घरी बसणार, लोक विचारणार. मी तिला म्हणाले, "अगं, एवढे काय त्यात? गोळ्या मिळतात. सगळ्याच घेतात." आणि नातवाच्या दप्तराची चेन दुरुस्त करायला बाजारात गेले होते, तेव्हा मीच औषधाच्या दुकानातून त्या घेऊन आले. दुकानदाराने कात्रीने पट्टी कापून दहा-बारा गोळ्या कागदी पुडीत घातल्या. दिवसातून तीन वेळा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून, एवढे सांगितले. कोण घेणार आहे, हे त्याने विचारले नाही. मीही सुनेला काही विचारले नाही.

विचारले असते, तर कळले असते की गेली दोन वर्षे ती गर्भनिरोधक गोळी घेत होती. ऑफिसातल्या मैत्रिणीने सुचविलेली, नव्या प्रकारची, चेहऱ्यावरचे मुरूमही कमी करणारी. तीही अशीच दुकानातून आणलेली. माझ्यापासून ती लपविलेली होती, जशी मी माझ्या सासूबाईंपासून लपविली होती. फरक एवढाच की माझ्या लपविण्याच्या मध्ये एक सिस्टर बसलेल्या होत्या. विनामूल्य पाकिटाबरोबर मला प्रश्न मिळाले होते; तिने पाचशे रुपये मोजून घेतलेल्या पाकिटाबरोबर तिला फक्त बिल मिळाले.

पाचव्या दिवशी जन्मवाचनाला ती दोन-अडीच तास उभी होती. संध्याकाळी डाव्या पायाची पोटरी दुखू लागली. अशक्तपणा असेल, गोळे आले असतील, असे म्हणून मी रात्री तेल कोमट करून तिची पोटरी चांगली रगडली. ज्या पायात रक्ताची गुठळी असू शकते, तो पाय असा रगडायचा नसतो. गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. सकाळी पाय सुजून लालसर आणि गरम झाला होता. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त परिचारिका साकरपाणी द्यायला म्हणून वर आल्या, पाय पाहिला आणि म्हणाल्या, "रिक्षा बोलवा. आत्ता."

अंबरनाथच्या डॉक्टरांनी पाहताच सोनोग्राफीची खास तपासणी, कलर डॉपलर, करायला उल्हासनगरला पाठविले. डाव्या पायाच्या खोल शिरेत गुठळी होती. सहाव्या दिवशी दुपारी रुग्णालयाच्या खाटेवर, डॉक्टरांनी दिलेल्या पाण्याने तिचे पारणे झाले.

त्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि विचारायला सुरुवात केली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता? आठवत नाही. आईला, बहिणीला कधी असा त्रास? सून म्हणाली, "माझ्या जन्मानंतर आईचा पाय सुजला होता, महिनाभर इस्पितळात होती म्हणतात." डोके दुखते का? दुखते, कधी कधी. आधी डोळ्यांपुढे काही दिसते का? "हो, चमकत्या रेघा येतात. अर्धा तास राहतात."

तेहतीस वर्षांपूर्वीचा तो बाक माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तोच प्रश्न, शब्दही जवळजवळ तेच.

डॉक्टरीणबाईंनी रागावून काही म्हटले नाही. सगळे समजावून सांगितले आणि मी सवयीने मागच्या पानावर टिपून घेतले. या गोळ्यांत दोन संप्रेरके असतात म्हणून त्यांना संयुक्त गोळ्या म्हणतात. त्यांतील इस्ट्रोजेनमुळे रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढते. ज्यांना रेघा दिसून डोके दुखते, त्यांना पक्षाघाताचा धोका आधीच थोडा अधिक असतो, म्हणून त्यांना ही गोळी कधीच द्यायची नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर असेल, तर साधारणतः देत नाहीत. १६०/१०० च्या वर मुळीच नाही. पस्तिशी उलटलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला नाही. पूर्वी गुठळी, हृदयविकार, पक्षाघात, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार झालेला असेल, तर नाही. पाळी लांबविण्याच्या ज्या गोळ्या मी आणल्या, त्या नॉरएथिस्टेरोनच्या. त्याचाही काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणजे एकावर एक झाले. त्यावर सहा दिवसांचा उपवास, मोजके पाणी, तासन् तास उभे राहणे. यांतील नेमके कोणते कारण, हे सांगता येत नाही. पण सगळी एकाच आठवड्यात जमा झाली होती. आणि यातला उपहास असा की संयुक्त गोळी जिला चालते, तिला पाळी पुढे ढकलण्यासाठी वेगळे काही लागतच नाही. डॉक्टरांना विचारून शेवटच्या सात गोळ्या सोडून थेट नवे पाकीट सुरू केले, की पाळी पुढे जाते. सुनेच्या बाबतीत मात्र मुळात ते पाकीटच तिच्या हाती पडायला नको होते.

मी घाबरून म्हणाले, "मग या गोळ्यांवर बंदीच का घालत नाहीत?" त्यांनी आकडे सांगितले, आणि आकड्यांपुढे मी गप्प बसते. ही गोळी न घेणाऱ्या १०,००० स्त्रियांत वर्षाला सुमारे दोघींना अशी गुठळी होते. माला-एनसारख्या गोळ्यांतील लेव्होनॉरजेस्ट्रेल घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना. सुनेच्या गोळीतले ड्रोस्पिरेनोन घेणाऱ्यांत ९ ते १२ जणींना. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत हा धोका गोळीपेक्षाही जास्त असतो. सुनेच्या आईचे उदाहरण समोरच होते. शिवाय या गोळ्यांनी बीजांडकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा किंचित वाढतो. म्हणजे बहुसंख्य निरोगी स्त्रियांसाठी गोळी चांगलीच आहे. मी स्वतः ती निर्धास्त घेतली. हा लेख वाचून कोणी भीतीने अर्ध्यावर पाकीट फेकून देऊ नये. तसे केले तर दुसऱ्याच महिन्यात वेगळी चिंता सुरू होते. घेणाऱ्या प्रत्येकीने काही लक्षणे तेवढी पाठ करून ठेवावीत: एका पोटरीत दुखणे आणि सूज, छातीत कळ किंवा अचानक धाप, पोटात तीव्र वेदना, कधी नव्हे अशी डोकेदुखी, दृष्टी अंधूक होणे किंवा जीभ जड होणे. यांतील काहीही झाले, तर उद्याची वाट पाहायची नाही.

नंतर मी या विषयाचे बरेच वाचन केले. अमेरिकेत ही गोळी १९६० साली गर्भनिरोधासाठी मान्य झाली, तेव्हा तिच्यातील संप्रेरकांची मात्रा आजच्या कितीतरी पट होती. गुठळ्यांच्या तक्रारी वाढल्या. १९७० साली तिथल्या सिनेटपुढे सुनावणी झाली, स्त्रियांनी सभागृहात उठून विचारले की आम्हाला हे कोणी का सांगितले नाही, आणि त्यानंतर गोळीबरोबर रुग्णासाठी माहितीपत्रक देणे सुरू झाले. आज माला-एनमध्ये इस्ट्रोजेन ०.०३ मिलिग्रॅम एवढेच असते. ते माहितीपत्रक पाकिटात आजही असते, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. माझ्या कापलेल्या पट्टीबरोबर तेही नव्हते. आपल्याकडे तर रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ सालीच मुंबईत संततिनियमन केंद्र काढले होते आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले होते. या कामापायी त्यांची प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. मराठीत यावर बोलायला सुरुवात होऊन शंभर वर्षे झाली, आणि मी घरातल्या घरात सुनेला एक वाक्य विचारू शकले नाही.

संवत्सरी आम्ही रुग्णालयातच केली. दरवर्षी आपण फोनवर, व्हॉट्सॲपवर शेकडो लोकांना 'मिच्छामि दुक्कडम्' पाठवितो. त्या दिवशी मी सुनेपुढे हात जोडले तेव्हा मला पुढचे बोलता आले नाही. तिनेच माझे हात धरले आणि म्हणाली, "आई, मीही तुम्हाला सांगितले नव्हतेच की."

रक्त पातळ करणारी औषधे तिला सहा महिने घ्यावी लागली. आता ती पूर्ण बरी आहे. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने तांबी बसवून घेतली. तिच्यात संप्रेरके नसतात. माझ्या मुलाने या चर्चेत प्रथमच भाग घेतला, तेही चांगलेच झाले. 'छाया' नावाची आठवड्याला एकदा घ्यायची, संप्रेरकाविना असलेली गोळीही सरकारी योजनेत मिळते. पहिले तीन महिने ती आठवड्यातून दोनदा घेतात. (अंबरनाथकरांना 'छाया' म्हटले की रुग्णालयच आठवते, तिथे चौकशी केली तरी गैरसमज होणार नाही.) माला-एन सरकारी दवाखान्यांत आजही विनामूल्य आहे, आणि २०११ पासून आशाताई घरपोच पाकीट एक रुपयात देऊ शकतात. पण मी म्हणेन, पहिले पाकीट तरी जिथे दंडाला पट्टा गुंडाळतात, तिथूनच घ्यावे.

आपल्या भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण ती डॉक्टरांच्या पुस्तकात सापडणार नाही. आपण चौविहार करतो. रात्री झोपताना गोळी घेणारी सून चातुर्मासात कधी ती सूर्यास्ताआधी घेई, कधी विसरून दुसऱ्या दिवशी सकाळी घेई. नियम राहिला नव्हता. ज्यांना गोळी चालते त्यांनी बाराही महिने संध्याकाळच्या जेवणाबरोबरच घ्यावी. वेळ अलीकडे आणल्याने काही बिघडत नाही, उशीर झाल्याने बिघडते. मोठी तपश्चर्या करायची असेल, तर गोळी चालू ठेवायची की दुसरा उपाय करायचा, हे महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे. आणि पच्चक्खाण घेताना महाराजसाहेबांना औषधाविषयी सांगावे. पच्चक्खाणात आगार असतात ते उगाच नव्हे.

गेल्या वर्षी सुनेने अठ्ठाईऐवजी आठ एकासणी केली. तिसऱ्या दिवशी तिची पाळी आली. ती घरी बसली, आणि मीही त्या दिवशी व्याख्यानाला गेले नाही. दुपारी आम्ही दोघींनी तिच्या चुलत नणंदेला फोन लावला. तिचे लग्न डिसेंबरात ठरले आहे. मी तिला विचारले, "डोके दुखण्याआधी तुला कधी रेघा दिसतात का गं?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती हसून म्हणाली, "काकू, हे काय भलतेच?"

मी म्हटले, "सांग तर."